फीत कापा, पण यंत्र चालवणारा माणूसही द्या

प्रति,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सप्रेम नमस्कार.

मी जळगाव जिल्ह्यात पदार्थविज्ञान शिकवतो. गेल्या वर्षी माझे मामा यकृताच्या कर्करोगाने गेले. कावीळ दिसली तेव्हा आधी गळ्यात माळ पडली, सोनोग्राफी नंतर. मग मुंबईच्या खेपा. एकेक खेप चारशे किलोमीटरच्या वर. गाठीचं निदान पक्कं झालं तेव्हा मामा म्हणाले, "आते भलता उशीर व्हई गया."

वर्गात मी नॅनोकण शिकवतो, म्हणून हे जास्त टोचतं. माणसाचा केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड. हे कण १०० नॅनोमीटरच्या आतले. लोहाच्या ऑक्साइडचे असे कण शिरेतून दिले, की यकृतातल्या कुप्फर पेशी, म्हणजे तिथल्या सफाई कामगार पेशी, ते गिळतात आणि एमआरआयच्या ठरावीक चित्रात निरोगी यकृत काळं पडतं. गाठीत या पेशी बहुधा नसतातच, म्हणून ती उजळ उठून दिसते. अमेरिकेत १९९६ मध्ये अशा औषधाला परवानगीही मिळाली होती. पुढे ते बाजारातून गेलं, ते वेगळं. शस्त्रक्रियेच्या टेबलावर इंडोसायनिन ग्रीन नावाचा रंग कामाला येतो. तो आधी टोचला, की जवळच्या अवरक्त (निअर-इन्फ्रारेड) प्रकाशात, विशेष कॅमेऱ्यातून, यकृताची गाठ चमकते, आणि नुसत्या डोळ्यांना न दिसणारा पृष्ठभागाजवळचा तुकडाही सापडू शकतो. खोलवरचा मात्र नाही. हा प्रकाश फार आत पोचत नाही.

मग आम्हाला असली यंत्रं हवीत का? हवीत. पण प्लास्टिकच्या कव्हराखाली झाकलेला सूक्ष्मदर्शक मी पाहिलाय. कुठे, ते सांगत नाही. दिवा गेला होता आणि देखभालीचा करार संपला होता. तंत्रज्ञाचं पद तर भरलंच नव्हतं.

जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही ठिकाणी आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथे यंत्राच्या खरेदीच्याच आदेशात तंत्रज्ञाचं पद आणि पाच वर्षांची देखभाल घाला. विद्यापीठात नॅनोकण बनवणारी आमची पोरं आणि तुमचे पॅथॉलॉजिस्ट महिन्यातून एकदा तरी एका टेबलाशी बसू द्या.

आणि याच्याही आधीचं काम: हिपॅटायटिस बी आणि सिरॉसिसच्या (यकृतावर वण पडून ते घट्ट होण्याच्या आजाराच्या) रुग्णांची नोंदवही. डॉक्टर ज्यांना धोका आहे असं सांगतील, त्यांची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. नंदुरबारच्या डोंगरातल्या धडगावच्या माणसाचं नावच कुठे लिहिलेलं नसेल, तर नॅनोकण कुणाला टोचणार? बुरशी लागलेल्या शेंगा आणि मक्यातलं अफलाटॉक्सिन हे बुरशीचं विषही यकृताचा कर्करोग घडवतं. आमच्याकडे शेंगा आणि मका घरोघरी साठवतात. तपासणीत तेही विचारलं जावं.

यंत्र आलं की फीत कापायला अवश्य या. सहा महिन्यांनी मात्र न कळवता परत या आणि त्यावर किती पेशंट तपासले ते रजिस्टरमध्ये बघा.

आपला,
खान्देशातला एक शिक्षक