इजेन ज्वालामुखीच्या कड्यावर आम्हाला थांबवणाऱ्या पाक, तुमचे आभार

आदरणीय पाक (इंडोनेशियात वडीलधाऱ्या पुरुषाला आदराने असं म्हणतात),

सप्रेम नमस्कार.

ताईला दमा आहे हे ऐकल्यावर "काही होत नाही, मास्क देतो" असं न म्हणणारे तुम्ही एकटेच. इजेनजवळच्या बान्युवांगी शहरात आधी ज्या ज्या वाटाड्यांना विचारलं, त्या सगळ्यांचं उत्तर तेच होतं. तुम्ही मात्र उलट तिलाच विचारत बसलात: शेवटचा त्रास कधी झाला, पंप सोबत आहे का, चढावर दम लागला तर बसायला किती वेळ लागतो. मग म्हणालात, कड्यापर्यंत नेतो, विवरात उतरणार नाही, आणि वारा फिरला तर कड्यावरूनही लगेच परत. पैशांची बोलणी व्हायच्या आधी तुम्ही हे सांगितलंत, म्हणून आम्ही तुमच्यासोबत आलो.

हे पत्र मराठीत आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण जावाला जाणारी आपली मंडळी इजेनचे निळ्या ज्वाळांचे फोटो पाहूनच निघतात. त्या ज्वाळांमागे काय आहे हे मला तुमच्याकडूनच कळलं. तुम्हाला याचं इंग्रजी वेगळं पाठवलंय.

पायथ्याच्या पालतुडिंगहून वर जाणारी वाट तीनेक किलोमीटरची, पण चढ खडा. रात्री त्या चढावर तुम्ही दर थांब्याला थोडं थोडं सांगत होता. कापडी मास्क धूळ अडवतो, वायू नाही. सल्फर डायऑक्साइडसाठी आम्लवायूंचं फिल्टर लागतं, आणि तेही वापरून वापरून संपतं. भाड्याचा मास्क घेताना फिल्टर किती जुनं आहे हे विचारायचं असतं, हे आम्हाला कुठे माहीत होतं? हा वायू डोळ्यांतल्या, घशातल्या ओलाव्यात मिसळला की तिथेच आम्ल तयार होतं, आणि दमेकऱ्याची श्वासनळी तर त्याच्या अगदी थोड्या प्रमाणानेही आवळते. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा. तो वाढला की नाकाला जाणवेनासाच होतो, म्हणून वास थांबला म्हणजे धोका टळला असं धरायचं नाही. दोन्ही वायू हवेपेक्षा जड, खोलगट जागी साचतात. ताई दम खायला एका खळग्याच्या काठाशी टेकली, तेव्हा तुम्ही तिला हाताला धरून उठवलंत आणि वरच्या अंगाला, वारा लागेल अशा दगडावर बसवलंत. "म्बाक (म्हणजे ताई), इथे," एवढंच म्हणालात.

कड्यावर पोचलो तेव्हा अंधारच होता. खाली उतरायच्या वाटेच्या तोंडाशी पर्यटकांना मनाई असल्याचा फलक आहे, आणि त्याच्या बाजूने माणसांची रांग खाली उतरत होती. मलाही उतरायचं होतं, खूप उतरायचं होतं. तुम्ही ज्यादा पैसे घेऊन मला नेऊ शकला असता, ताईजवळ तुमचा पुतण्या होताच. तुम्ही नेलं नाहीत. वाद घातला नाहीत की घाबरवलंही नाहीत. वरूनच बोट दाखवून काय काय दिसतंय ते सांगत राहिलात. भेगांमधून तापलेला गंधकवायू बाहेर येतो, हवा लागली की पेटतो, आणि दिवसा त्याच ज्वाळा डोळ्यांना दिसत नाहीत. नळ्यांमधून तो वायू खाली आणतात, त्यातून लालसर पातळ गंधक ठिबकतं आणि निवलं की पिवळं होतं. ते पहारीने फोडून, टोपल्यांत भरून, खांद्यावर वर आणायचं काम तुम्ही कित्येक वर्षं केलंत, तेही तोंडात ओला फडका धरून. सत्तर ते नव्वद किलोंचं ओझं. त्या धुराचं तुम्ही जे सांगता ते कुठल्याही माहितीफलकापेक्षा मला जास्त खरं वाटतं.

मग वारा फिरला. पांढरा लोट वाटेवर आला आणि खाली दिसणारे बॅटऱ्यांचे उजेड एकेक करून त्यात बुडाले. वर आलेली माणसं डोळे चोळत, खोकत होती. आम्ही तोवर तुमच्यामागून वाऱ्याला आडवे चालत लोटाच्या बाहेर आलो होतो. ताईला पंप एकदाच घ्यावा लागला, तोही चढामुळे.

उजाडल्यावर तिने ते तळं पाहिलं. जवळपास किलोमीटरभर रुंद, हिरवट निळं, आणि पाणी इतकं तीव्र आम्ल की त्याचा पीएच एकच्याही खाली. ती रडली, तुम्ही पाहिलंत. फोटोसाठी कड्याच्या टोकाकडे जाणाऱ्या मुलांना तुम्ही हाका मारून मागे बोलावत होता, ती तुमच्यासोबत आलेली नसतानाही. 2024 च्या एप्रिलमध्ये फोटो काढतानाच एक पर्यटक स्त्री तिथून पडून मरण पावली.

आणखी एक गोष्ट लिहायलाच हवी. निघायच्या आधी तुम्ही फोनवर इजेनची त्या दिवशीची धोक्याची पातळी दाखवलीत. इंडोनेशियात ज्वालामुखींच्या चढत्या धोक्याच्या चार पातळ्या असतात: नॉर्मल, वास्पादा, सियागा, आवास. त्या दिवशी नॉर्मल होती, तरी तुम्ही म्हणालात की ही पातळी डोंगराची आहे, धुराची नाही. 2018 च्या मार्चमध्ये इजेनमधून अचानक वायू बाहेर पडला आणि तीसेक जणांना दवाखान्यात न्यावं लागलं, हे तुम्ही तेव्हाच सांगितलंत. पातळी वर गेली की तुम्ही बुकिंगचे पैसे परत करता. ज्याचं घर याच कमाईवर चालतं त्याने असं करणं किती जड जात असेल, याचा अंदाज आम्हाला आहे.

ताईने तुमच्यासाठी आणि अजून गंधक वाहणाऱ्या तुमच्या दोस्तांसाठी आम्लवायूंची नवी फिल्टरं पाठवली आहेत. तुमच्या मास्कच्या फोटोवरून माप घेतलंय. बसतात का ते एक बसवून पाहा आणि पुतण्याला कळवायला सांगा, म्हणजे पुढची खेप त्याच मापाची पाठवता येईल.

तुमचे ऋणी,
ताई आणि तिचा धाकटा भाऊ