खालच्या मजल्यावरच्या काकूंना, अळिवाच्या लाडवांबद्दल

काकू, तुमचं नाव इथे टाकलं तर तुम्ही आठ दिवस बोलणार नाही माझ्याशी, म्हणून नुसतं काकूच लिहिते, बिल्डिंगमधल्यांना बरोब्बर कळेल.

बाळ झालं तेव्हा माझं हिमोग्लोबिन 8.2 होतं, 12 तरी पाहिजे म्हणे. डॉक्टरांनी आयर्नच्या गोळ्या दिलेल्या पण त्याने पोट साफ व्हायचं नाही, शी काळी व्हायची, मी घाबरून पंधरा दिवसांत बंदच करून टाकल्या आणि घरी कुणाला सांगितलंपण नाही. वर कुणाच्या तरी फॉरवर्डवरून रक्तवाढीची पावडर मागवली, 1800 रुपयांची! तुम्ही बाळाला बघायला आलात, तो डबा उचलला, चष्मा वर करून सगळीकडून फिरवून वाचला आणि म्हणालात, "अगं यात लोह किती ते कुठेच लिहिलं नाहीये, नुसतं झाडाचं चित्र आहे." मला इतकी लाज वाटली ना.

दुसऱ्या दिवशी तुम्ही अळीव घेऊन आलात. आमच्या लातूरकडे बाळंतिणीला डिंकाचे लाडू, खारीक-खोबरं देतात, अळीव मात्र मी जवळून पहिल्यांदा बघितले, लालसर बारीक दाणे. पाव वाटी अळीव शहाळ्याच्या पाण्यात भिजवलेत आणि दोन तासांत भांडंभर फुगून चिकट झाले, मला खरं सांगू तर बघून कसंतरीच झालं. मग दोन वाट्या ओलं खोबरं, दीड वाटी गूळ, वरून जायफळ किसून मंद गॅसवर परतत बसलात, मी बाळाला घेऊन ओट्याशी उभी, आणि तुमचं चालूच, गरोदरपणी नाही द्यायचे हो हे, बाळंतपणानंतरच, आणि दिवसाला एकच लाडू, चांगलं आहे म्हणून चार हाणायचे नाहीत.

पण खरी मदत लाडवाची नव्हतीच काकू. तुम्ही माझा चहा पकडलात. मी जेवण झालं की लगेच कपभर चहा घ्यायचे आणि त्याच्यासोबतच सगळ्या गोळ्या एका घोटात. तुम्ही म्हणालात चहाने जेवणातलं लोह अंगाला लागत नाही, दुधानेपण गोळीचं तसंच, चहा तास-दीड तासाने घे आणि आयर्नची गोळी लिंबू सरबताबरोबर. आणि आधी डॉक्टरांना फोन लाव, बंद केल्यात ते सांग. डॉक्टर थोडं ओरडल्या, शी काळी होते ती लोहानेच, घाबरायचं नाही म्हणाल्या, आणि लिंबू-चहाचं तुमचंच सगळं परत सांगितलं. पोटासाठी रात्री भिजवलेल्या काळ्या मनुका, जेवल्यावर बाळंतशोपा. लोखंडी कढईपण तुमचीच, मी मेथी करून त्यातच ठेवली तर संध्याकाळपर्यंत काळीठिक्कर, तेव्हा कळलं भाजी झाली की लगेच स्टीलमध्ये काढायची 😄

पालकाचंपण तुम्हीच सांगितलंत, की लोह असतं पण त्यातलं लागतं फार थोडं, आणि मी वेडी रोज पालक सूप पीत होते.

तीन महिन्यांनी रिपोर्ट 11.4 आला. मी धावत खाली आले तर तुम्ही काय म्हणालात, "गोळ्या नीट घेतल्यास म्हणून." लाडवांचं श्रेय घेतलंच नाहीत! दुसऱ्या कुणी असतं तर सोसायटीभर सांगत फिरलं असतं की माझ्या लाडवांनी रक्त वाढलं. तुम्ही औषध शब्द एकदाही वापरला नाहीत, खाणं म्हणजे खाणं, म्हणूनच बहुतेक मी ऐकलं तुमचं.

तुमचा पितळी झाकणाचा डबा अजून माझ्याकडेच आहे. रिकामा कसा परत देणार, म्हणून रविवारी पहिल्यांदा स्वतः अळिवाचे लाडू केले. गूळ जास्त शिजला बहुतेक, दगड झालेत. उद्या सकाळी घेऊन येते, खाताना दात सांभाळा, आणि पाक नेमका कुठे थांबवायचा तेवढं दाखवा.