पाळीची वाट पाहू नका

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

निरोधाशिवाय संबंध आल्याने वहिनींना दिवस राहतील की काय, ही तुझी धास्ती फोनवर ऐकून सुचेल ते सांगितले. वहिनींनाही वाचता यावे म्हणून आता नीट लिहितो.

बाळ अंगावर पीत आहे आणि पाळी परत आलेली नाही, तेव्हा दिवस राहणार नाहीत, असे तुम्हाला घरच्यांनी सांगितले होते. बाळ सहा महिन्यांच्या आतले असेल, त्याला वरचे काहीही दिले जात नसेल आणि पाळीही आलेली नसेल, या तिन्ही गोष्टी एकत्र असतील तरच त्यावर भरवसा ठेवता येतो. चिमी दहा महिन्यांची आहे, वरणभात खाते. शिवाय बाळंतपणानंतरचे स्त्रीबीज पहिल्या पाळीच्या आधीही सुटू शकते. संबंधाच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी दिवस राहू नयेत म्हणून घ्यायची तातडीची गोळी आणलीस, हे मात्र फार चांगले केलेस.

त्या गोळीत १.५ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल नावाचे औषध असते. शुक्रजंतू शरीरात पाच दिवसांपर्यंत जगू शकतात आणि ही गोळी स्त्रीबीज सुटणे लांबवते, म्हणून ७२ तासांची मुदत असली तरी ती जितकी लवकर घ्यावी तितकी बरी. बीज आधीच सुटलेले असेल तर तिचा उपयोग होत नाही. ती गर्भ पाडत नाही, राहिलेल्या गर्भाला अपायही करत नाही. वहिनींनी भीतीपोटी चिमीला पाजणे थांबवले आहे, ते आजच पुन्हा सुरू करू दे. या गोळीसाठी दूध तोडावे लागत नाही. आणि कृपा करून धास्तीने दुसरी गोळी देऊ नकोस. पहिली घेतल्यावर दोन तासांत उलटी झाली असती, तरच ती पुन्हा घ्यावी लागली असती.

वहिनींची पाळीच अजून सुरू नसल्याने ती चुकली की नाही हे कळणार कसे? म्हणून संबंधानंतर तीन आठवडे पूर्ण झाले की सकाळच्या पहिल्या लघवीची किटवर तपासणी करा. त्याआधी आलेल्या नकारावर विसंबू नका. तोवर निरोध वापरा, कारण ही गोळी पुढच्या संबंधांना संरक्षण देत नाही.

दिवस राहिलेच असतील, तर गर्भ ठेवायचा की नाही हा निर्णय वहिनींचा असू दे. १९७१ च्या गर्भपाताच्या कायद्यानुसार सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही. आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एकाच डॉक्टरचे मत पुरेसे असते. मेडिकलमधून परस्पर गर्भपाताच्या गोळ्या मात्र आणू नकोस. तपासणी नकारार्थी आली, तर त्याच आठवड्यात सरकारी रुग्णालयात जाऊन तांबीविषयी विचारा; ती तिथे मोफत बसवतात आणि प्रकारानुसार पाच किंवा दहा वर्षे चालते.

तुझा,
अनिल