गेज घ्या, पण आधी व्हॉल्व्ह पाहा

संपादक साहेब, नमस्कार.

उन्हाळा लागला की आपल्या नागपुरात एक सल्ला फुकटात मिळतो, पंपावर हवा भरणारा पोरगा देतो, शेजारचे काका देतात, मी स्वतः पण कित्येक वर्षं देत होतो, की भाऊ ऊन जाम तापून राहिलं, हवा तीन-चार पॉइंट कमीच ठेवा नाहीतर टायर फुटते. मागच्या मे महिन्यात टायरच्या दुकानात गेलो तर तिथल्या माणसानं माझाच टायर फिरवून दाखवला, मधली नक्षी चांगली अन् दोन्ही कडा घासून गुळगुळीत. म्हणे साहेब, हा कमी हवेवर चालला आहे. हवा कमी असली की टायर दबतो, प्रत्येक फेऱ्याला त्याची बाजू वाकते अन् त्या वाकण्यानंच तो आतून तापतो, आणि आपण त्याच टायरवर समृद्धीच्या काँक्रीटवर एकशे वीसनं जातो!

मग मी घरी टायरची हवा मोजायचा डिजिटल गेज आणला, सहाशे रुपयांचा. घरीच का, तर हवा मोजायची ती टायर थंड असताना, सकाळी गाडी काढायच्या आधी. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर जो स्टिकर असतो (टायरवर छापलेला आकडा नाही, तो जास्तीत जास्त किती याचा असतो) त्यावरचा आकडा थंड टायरचाच आहे. दुपारी मानेवाड्याहून वर्धा रोडच्या पंपावर पोचेस्तोवर तोच टायर तीन-चार पीएसआय (हवेच्या दाबाचं माप, पंपावरचा पॉइंट तो हाच) जास्त दाखवतो, आपण घाबरून हवा सोडतो, अन् दुसऱ्या दिवशी सकाळी तो कमी भरतो.

गेज आला तसा घरात सगळ्यांनाच मोजायचा उत्साह आला. पहिल्याच दिवशी स्क्रीनवर २.३ दिसलं, मला वाटलं चाक बसलंच, मग कळलं की बटण दाबलं जाऊन तो बार या दुसऱ्या मापात गेला होता, २.३ बार म्हणजे साधारण ३३ पीएसआय. मुलगी म्हणे बाबा माझी पण सायकल बघा. तिची पातळ टायरची, फुटाळ्याला पहाटे चालवते ती, तिचा व्हॉल्व्ह बारीक, प्रेस्टा म्हणतात त्याला, गेजचं तोंड त्यावर बसेचना. पितळेचा अडॅप्टर लावला, त्यानं पंप चालतो पण गेजवर कधी आकडा येतो कधी नाही. शिवाय तिला नव्वदच्या आसपास हवा लागते, अन् माझ्या गेजची मजल साठपर्यंत. आमच्या बाबांची जुनी काळी सायकल तर बाजूलाच राहिली, तिच्या व्हॉल्व्हमध्ये रबरी नळी असते, दाबायला पिनच नाही, म्हणून असल्या गेजनं ती मोजताच येत नाही. तिथं अंगठाच गेज.

म्हणून कार अन् सायकल दोन्हीसाठी एकच घ्यायचा असेल तर आधी दोन्हीचे व्हॉल्व्ह पाहा. दोन तोंडांचा गेज मिळतो, मजल शंभराच्या वर हवी. पण १५० चा घेतला आणि डब्यावर चूक पूर्ण मजलेच्या एक टक्का लिहिली असेल तर ती दीड पीएसआय झाली, तेहतीस मोजताना पण तेवढीच, ते दशांशातले आकडे मग नुसते शोभेचे. फक्त कारच असेल तर लहान मजलेचाच बरा. लाईट असलेला घ्या. दाबताना सरळ अन् एका झटक्यात दाबा, पातळ सायकलच्या चाकात हवाच मुळात कमी मावते, तिथं एका फुस्सला दोन-चार पीएसआय सहज जातात.

राहिला पंपांचा प्रश्न. हवा फुकट द्यायची असा नियम आहे आणि बहुतेक ठिकाणी देतात पण, त्याबद्दल तक्रार नाही. पण एकाच सकाळी मी दोन पंपांवर एकच चाक मोजलं तर एकानं ३५ दाखवलं अन् दुसऱ्यानं ३०. माझा गेज ३२ म्हणत होता, आता तिघांत खरा कोण? आपल्या पेपरनं एवढं लावून धरावं की हवेच्या मशीनजवळ मीटर शेवटचा कधी तपासला त्या तारखेची एक चिठ्ठी तरी पंपवाल्यांनी चिकटवावी.

आपला,
एक वाचक, मानेवाडा, नागपूर