किनिक लढाईत पडला नाही

संपादक महोदय,

खेळाडू-सैनिकांवरील रविवारच्या लेखात अमेरिकी फुटबॉलपटू आणि नौदल वैमानिक नाइल किनिकला जेमतेम चार ओळी मिळाल्या आणि त्यातही दोन चुका आहेत. सोबतचे चित्र गोल चेंडूच्या फुटबॉलचे आहे; तो खेळायचा ते निमुळत्या चेंडूचे, हाताने फेकत-पळवत खेळायचे अमेरिकी फुटबॉल. शिवाय तो ‘जपान्यांशी लढताना’ गेला, असे छापले आहे. जपानविरुद्धच्या युद्धात प्रशांत महासागरात गेला तो त्याचा धाकटा भाऊ बेन. तोही वैमानिकच, आणि साल १९४४. दोघांची गल्लत झाली असावी.

नाइलचा जन्म १९१८ चा, आयोवा राज्यातल्या एडल गावचा. आईचे वडील राज्याचे गव्हर्नर होते. १९३९ च्या हंगामात आयोवा विद्यापीठाने केलेल्या १३० गुणांपैकी १०७ गुणांत त्याचा हात होता. सलग ४०२ मिनिटे तो मैदानाबाहेर आला नाही. आजच्या अमेरिकी फुटबॉलमध्ये हल्ल्याचा संघ वेगळा आणि बचावाचा वेगळा, म्हणून हा आकडा अतिशयोक्त वाटतो. पण तेव्हाच्या नियमाने बाहेर काढलेला खेळाडू सामन्याच्या त्याच पाव भागात परत येऊ शकत नसे. साहजिकच तेच अकरा जण चेंडू फेकत, पळवत, लाथाडत आणि समोरच्याला पाडतही. वृत्तपत्रांनी त्या संघाला ‘लोखंडी माणसे’ म्हटले ते यामुळे. उंचीने आणि अंगाने किनिक बेताचाच होता, हे विशेष.

त्याचे खास अस्त्र म्हणजे ड्रॉपकिक. चेंडू हातातून सोडायचा आणि जमिनीला टेकून उसळू लागताच मारायचा. क्रिकेटमधला हाफ व्हॉलीच म्हणा, फक्त बॅटऐवजी बूट. चेंडू गोल असता तर सोपे होते. निमुळता चेंडू टोकावर सरळ उभा पडला तरच नीट उसळतो, जरा कलला की भलतीकडे जातो. १९३० च्या दशकात फेकीच्या सोयीसाठी चेंडू आणखी अणकुचीदार झाला आणि ही कला मागे पडली. तरीही नोत्र दाम विद्यापीठाविरुद्ध सहा गुणांचा टचडाउन (चेंडू घेऊन समोरच्याची शेवटची रेषा ओलांडणे) त्यानेच केला आणि त्यानंतरचा एक गुणही ड्रॉपकिकने त्यानेच मिळवला. सामना आयोवाने ७-६ असा जिंकला. म्हणजे तो एक गुणच निर्णायक ठरला. त्या वर्षीचा हाइसमन करंडक, म्हणजे सर्वोत्तम विद्यापीठीय फुटबॉलपटूचा मान, स्वीकारताना, आपण युरोपच्या रणांगणावर नसून अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेतल्या मैदानांवर झुंजतो आहोत, याबद्दल त्याने देवाचे आभार मानले होते.

व्यावसायिक संघाचे बोलावणे नाकारून तो कायदा शिकायला गेला. पुढे नौदलाच्या हवाई राखीव दलात नाव घातले आणि ४ डिसेंबर १९४१ रोजी रुजू झाला. पर्ल हार्बरवरचा हल्ला त्यानंतर तीन दिवसांनी झाला.

२ जून १९४३. लेक्सिंग्टन ही नवी विमानवाहू नौका व्हेनेझुएलाजवळच्या पारियाच्या आखातात होती. किनिकच्या वाइल्डकॅट या लढाऊ विमानातून तेल गळू लागले. या विमानाचे इंजिन हवेने थंड होणारे. तेल गेले की बेअरिंगा तापून जाम होतात आणि पंखा थांबतो. किनारा दूर होता. जहाजाच्या डेकवर उड्डाणासाठी विमाने लावलेली होती. तेव्हाचे डेक सरळ असत, आजच्यासारखी उतरण्याची तिरकी पट्टी नसे. अशा वेळी उतरणे म्हणजे इंधन भरलेल्या विमानांत घुसणे. म्हणून त्याने नियमाप्रमाणे जहाजापासून सुमारे चार मैलांवर विमान पाण्यात उतरवले. अशा उतरण्यात चाके आत ठेवावी लागतात, नाहीतर ती पाण्यात अडकून विमान कोलांटते. ती आत असली तरी नाकातल्या जड इंजिनामुळे विमान तरंगून राहते ते थोडाच वेळ. बचावनौका आठ मिनिटांत पोचली, तेव्हा पाण्यावर तेलाचा तवंग होता. देह सापडला नाही. पंचविसावे वर्ष पुरे व्हायला महिनाभर बाकी होता.

आयोवाच्या स्टेडियमला त्याचे नाव १९७२ मध्ये मिळाले, हे लेखात आहे. मात्र त्याआधी कितीतरी वर्षे टोकियोतल्या एका स्टेडियमला ते मिळाले होते, हे राहून गेले. मेजी देवस्थानाच्या बाहेरील उद्यानातले मैदान युद्धानंतर अमेरिकी सैन्याने ताब्यात घेतले आणि त्याला नाइल किनिक स्टेडियम म्हणू लागले. किनिक गेल्यावर पाचच महिन्यांत, ऑक्टोबर १९४३ मध्ये, जपानी विद्यार्थ्यांना पावसात संचलन करवून युद्धावर धाडले गेले होते, ते याच मैदानावरून.

– एक वाचक, सातारा