ताई, तुम्ही ‘अनुभव’ लिहिलात

ताई, सप्रेम नमस्कार.

आज नाशिकच्या अंबडमधल्या कंपनीत कायम झाल्याचं पत्र हातात पडलं. आईला फोन केला, ती रडायलाच लागली. आता तुम्हाला लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

तुमच्या प्रशिक्षण संस्थेत येण्याआधी मी दुसऱ्या एका केंद्रात तीन महिने काढले होते. टी-शर्ट दिला, फोटो काढले, सर्टिफिकेट दिलं आणि लांबच्या कारखान्यात पाठवून मोकळे झाले. एका खोलीत नऊ मुली. जेवणाखोलीचे पैसे कापून हातात काही उरेना. फोन केला तर उत्तर एकच, ‘तुमची प्लेसमेंट झालीय.’ आमच्या जिवाचं काय, हे एकानेही विचारलं नाही. मी परत आले आणि दिवाळीनंतर मुकादमाच्या गाडीत बसून पुन्हा दिंडोरीला द्राक्षाच्या कामाला गेले. आमच्या पेठच्या पाड्यावरून बरेच जण तिकडेच जातात.

हंगाम सरताना तुमच्याकडे आले. व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायची सरकपट्टी, हातात धरला तरी हात थरथरायचा. तुम्ही विचारलंत, ‘आधी काय करायचीस?’ मी मान खाली घालून म्हटलं, ‘थिनिंग. घडातले जादा मणी काढायचं.’

दुसऱ्या दिवशी तुम्ही पिशवीतून द्राक्षाचा घड काढलात. एक मणी माझ्या तळहातावर ठेवून म्हणालात, ‘न मोजता सांग.’

‘अठराला जरा कमी.’

एक्स्पोर्टचा १८ एमएमचा मणी आमच्या नजरेत बसलेला असतो. मग तुम्ही मलाच मोजायला लावलंत. मुख्य पट्टीवर १७, खाली सरकत्या पट्टीची पस्तिसावी रेघ जुळली, ३५ गुणिले ०.०२ म्हणजे ०.७०. १७.७०! वर्ग गप्प झाला. तुम्ही माझा बायोडाटा ओढून घेतलात. आधीच्या केंद्राने ‘अनुभव’पुढे नुसती रेघ मारली होती. ती खोडून तुम्ही लिहिलंत, ‘द्राक्षबागेत मापाचं काम, ४ हंगाम.’

ताई, तो कागद मी अजून जपून ठेवलाय. उन्हात राबलेले माझे चार हंगाम कुणीतरी कामात धरले. तुमची संस्था आमच्याकडून एक रुपया घेत नाही, त्याचे उपकार आहेतच. पण समोरच्याच्या कष्टाला मान देणारी माणसं मी फार थोडी पाहिली, आणि ती भेटली की अंगात बळ येतं.

आता रोज शेकडो बुश, म्हणजे यंत्रात बसवायच्या छोट्या नळ्या, माझ्या हाताखालून जातात. माप चुकलं तर मी परत पाठवते, सुपरवायझर माझं ऐकतात.

रविवारी घरून येताना आईने दिलेली पायलीभर नागली आणते आहे. नाही म्हणू नका.

तुमची,
पेठची विद्यार्थिनी