काटकुळ्यांचंही रक्त तपासा

महोदय,

लठ्ठपणावरचे लेख वजन आणि बीएमआयपाशी (उंचीच्या मानाने वजन सांगणाऱ्या आकड्यापाशी) येऊन थांबतात, म्हणून हे पत्र. माझी थोरली बहीण अंगाने भरलेली, मी पहिल्यापासून काटकुळी. आयुष्यभर उपदेश ऐकले ते तिने. चाळिशी उलटल्यावर दोघींनी एकत्र तपासण्या केल्या. तिची साखर, रक्तदाब, ट्रायग्लिसराइड्स म्हणजे रक्तातली चरबी, सगळं मर्यादेत. माझी उपाशीपोटीची साखर वाढलेली आणि यकृतात चरबी. माझ्याकडे पाहून तोवर कोणाला तपासणी सुचवावीशी वाटलीच नव्हती.

मग मी वाचत गेले. त्वचेखालची चरबी हे शरीराचं कोठार. त्यात जागा आहे तोवर जास्तीची चरबी तिथे निमूट राहते. जागा संपली की ती यकृतात, स्नायूंत, स्वादुपिंडात शिरते आणि शरीर साखर आवरणाऱ्या इन्शुलिनला दाद देईनासं होतं. हे कोठार प्रत्येकाचं सारखं नसतं. त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा. लिपोडिस्ट्रॉफी या दुर्मीळ आजारात त्वचेखाली चरबी जवळजवळ नसतेच, तरी त्या रुग्णांना मधुमेह आणि फॅटी लिव्हर गाठतात!

बीएमआयला हे कोठार दिसत नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच मोजमापं मांडली होती. दोघांचा बीएमआय २२.३, पण शरीरातली चरबी एकाची २१.२ टक्के, दुसऱ्याची ९.१ टक्के.

म्हणून बहिणीने निर्धास्त राहावं, असं मी म्हणत नाही. आज अहवाल चांगले असलेल्या अनेक लठ्ठ व्यक्तींची साखर किंवा रक्तदाब पुढे काही वर्षांत वाढतो. गुडघ्यांवरचा भार आणि झोपेत अडकणारा श्वास हे त्रास वेगळेच. पण कान दुखतो म्हणून गेलं तरी आधी वजनावरून ऐकून घ्यावं लागतं, म्हणून तिने कित्येक वर्षं दवाखान्याची पायरी टाळली. याचा मला फार राग येतो. नियमित तपासणीची गरज तिलाही होती.

आपण वजनाचे तक्ते जरूर छापा. त्यांच्या शेजारी कंबरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, ट्रायग्लिसराइड्स आणि एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) या पाच गोष्टीही द्या. यांतल्या तीन बिघडल्या की डॉक्टर त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. घेर मोजायला शिवणकामाची टेप पुरते. तो उंचीच्या निम्म्याहून कमी असावा. माझा नव्हता.

– आपली एक वाचक